पाणी दिलेली पट्टी

त्रिलोकेकर सरांना जयवंतचा हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? वाटायचा, आणि भरपूर वाटायचा. दाढी करताना वाटायचा, जेवताना वाटायचा, परळच्या ट्रामची वाट बघत उभं राहिलं की मग तर फारच वाटायचा.

हे मनमोहन त्रिलोकेकर म्हणजे गिरगावातले, खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहणारे जुने मुंबईकर. घरात बापजाद्यांनी सरकारी कचेऱ्यांत खर्डेघाशी केलेली. मनमोहन घराण्यातले पहिले इंजिनियर. पण कारखान्याच्या धुरात त्यांचा जीव रमला नाही. ते परळला, भोईवाड्याच्या अलीकडे, एका धर्मादाय ट्रस्टच्या संध्याकाळच्या टेक्निकल क्लासात शिकवायला लागले आणि तिथलेच होऊन गेले. गिरणीत, गॅरेजात, लेथवर दिवसभर राबलेली पोरं हातपाय धुऊन तिथं यायची आणि डिप्लोमाची तयारी करायची. पहिल्या वर्षाचा ‘धातू आणि त्यांची ताकद’ हा विषय त्रिलोकेकर सरांचा. बंद गळ्याचा कोट, कडक इस्त्री, आणि फळ्यावर अशा आकृत्या की छापखान्यानं लाजावं. सर फळ्याकडे वळले की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. पोरं मान खाली घालून उतरवून घ्यायची, पाठ करायची, पास व्हायची. सरांना वाटायचं, शिकवणं म्हणतात ते हेच.

आणि जयवंत धुरी हा त्यांचाच जुना विद्यार्थी. करी रोडच्या चाळीतला, बाप दगडू धुरी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. पोरगं लहानपणापासून लेथवर राबलेलं, पण हुशार, म्हणून सरांनीच पुढं शिकायला लावलं, सरांनीच ट्रस्टच्या सेक्रेटरींकडे शब्द टाकून त्याला क्लासात लावून घेतलं. पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या झाल्या होत्या. एक सरांकडे राहिली, दुसरी जयवंतला दिली. सरांची समजूत अशी की पोरगा आपल्याच पावलावर पाऊल टाकील, आपल्याच आकृत्या जरा वाकड्यातिकड्या काढील, आणि लोक म्हणतील, त्रिलोकेकरांचा चेला.

कसलं काय. पहिल्याच आठवड्यात मधल्या लाकडी पार्टिशनपलीकडून हसण्याचा आवाज आला.

सर फळ्यावर लिहायचे थांबले. पलीकडे पोरं खदखदा हसत होती, मध्येच भांडत होती, कुणीतरी बाक वाजवला. आणि त्या सगळ्यात जयवंतचा आवाज, तोही मालवणीत. “गप कित्याक बसलास रे? चुकीचा असला तरी सांग.”

चुकीचं असलं तरी सांग. सरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीचं उत्तर वर्गात उच्चारू दिलं नव्हतं. चूक बोलली की ती डोक्यात बसते, असं त्यांचं ठाम मत. आणि हा पठ्ठ्या ती मागून घेत होता.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलंच. “काय रे जयवंत, वर्ग चालू असतो की कामगार मैदानावरची सभा?”

जयवंत हसला. ते त्याचं हसूही सरांच्या डोळ्यांत सलायचं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती. “सर, पोरं रिकामी येत नाहीत हो. दिवसभर लोखंडात असतात. प्रत्येकाचं काहीतरी आधीच ठरलेलं असतं. जाड ते मजबूत, जड ते मजबूत, जुनं लोखंड नव्यापेक्षा चांगलं. आपण वरून खरं ओततो आणि ते बाजूनं वाहून जातं. म्हणून आधी त्यांचं त्यांना बोलायला लावतो. हात वर करून मत द्यायचं. मग करून बघायचं.”

“परीक्षेत हात वर करून चालत नाही,” सर म्हणाले, आणि बशीतला चहा अर्धा टाकून उठले.

तेव्हापासून पार्टिशन हा सरांचा छळ होऊन बसला. आपल्या वर्गातली ती शांतता, जिचा त्यांना इतका गर्व, ती आता त्यांना मेल्यासारखी वाटायला लागली. पलीकडे हशा झाला की यांची पोरंही खाली मान घालून गालातल्या गालात हसायची. सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातच एक दिवस लवू गावडे त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा लवू एका वर्कशॉपात फिटरच्या हाताखाली होता, बोलायला बुजरा, पण सरांना आवडायचा. आकृती नीट काढायचा.

“सर, माका धुरी सरांच्या वर्गात जायचा हा. जाऊ?”

“का? इथं काय कमी पडलं?”

लवूनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. “कमी काय नाय, सर. थंय ‘मेल्यांनो, विचारा’ म्हणतत.”

सरांनी परवानगी दिली. न देऊन सांगतात कुणाला? पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर राजलक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आवडीचं कोलंबीचं भानोळं पुढं ठेवलं तर एक वडी खाऊन ताट सारलं.

“अहो, बरं नाही का?”

“जयवंतनं माझा लवू पळवला.”

बाईंना हसू आवरेना. “पळवला म्हणजे? लग्नाची मुलगी आहे का ती? तुम्हीच ना त्या जयवंतचं कौतुक सांगत होतात? पोर चांगलं शिकवतंय तर आनंद माना.”

“तुला नाही कळायचं,” सर म्हणाले. खरं म्हणजे तिला सगळंच कळलं होतं, आणि तेच त्यांना झोंबलं.

छप्पन साल होतं ते. मुंबई पेटलेली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठं सभा, कुठं मोर्चा, कधी हरताळ, कधी कर्फ्यू. क्लासची पटसंख्या हेलकावे खात होती. ट्रस्टचे सेक्रेटरी शशिकांतराव वकील होते, दादरला राहायचे. माणूस सरळ, पण काटकसरी. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, की पुढच्या टर्मपासून पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या एक होणार. त्या एका वर्गाला एकच शिक्षक. दुसऱ्यानं वर्कशॉपचं आणि ड्रॉइंगचं बघायचं. “कोणी काय घ्यायचं ते महिनाअखेरीला ठरवू,” ते म्हणाले, आणि जाता जाता पुस्ती जोडली, “पोरं जयवंतवर खूश दिसतात हं, मनमोहनराव.”

संपलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलं वर्ष गेलं तर सरांकडे उरलं काय? ड्रॉइंगच्या टी-स्क्वेअर मोजायच्या? त्या क्लासात नवं पोरगं पाऊल ठेवायचं ते त्रिलोकेकर सरांच्या वर्गात, आणि मोठं झाल्यावर रस्त्यात भेटून पाया पडायचं तेही त्यांच्याच. त्या एका गोष्टीवर सर जगत होते. ती आता करी रोडचा पोरगा घेऊन जाणार, आणि वर हसत हसत.

अशा मनःस्थितीत तो मंगळवार उजाडला. सर फळ्यावर लिहीत होते, आणि पलीकडून जयवंतचा आवाज आला.

“ह्यो बघा दोन पट्ट्यो. एकाच पत्र्यातून कापलेल्या, लांबी-रुंदी-जाडी एकच. ही मऊ आहे, जशी होती तशी. ही मी लालभडक करून पाण्यात विझवली, म्हणजे पाणी दिलं. आता ही कानस बघा. मऊवर चावते. पाणी दिलेलीवर घसरते, ओरखडाही नाही. बरोबर? आता दोन्ही पट्ट्या टेबलाच्या कडेला व्हाइसच्या जबड्यात धरतो, टोकाला एकेक पौंडाचं वजन लावतो. खयची जास्त वाकतली?”

“मऊ,” सगळा वर्ग एकसुरात ओरडला.

सरांच्याही मनात तेच आलं, हे नमूद करायलाच हवं. मऊच वाकणार. पाणी दिलेलं पोलाद कणखर, ते कसं वाकेल? याला काही विचारायचं असतं का? याच्यासाठी पोरांचा वेळ घालवतो, असं म्हणून त्यांनी नाकही मुरडलं.

आणि पलीकडे एकदम सामसूम झाली. मग कुणीतरी म्हणालं, “आयला, सारख्याच.” मग गलका. जयवंत मोठ्यानं सांगत होता, की वाकायला दोन्ही सारख्याच, फरक आहे तो पुढं. वजन वाढवत गेलात की मऊ पट्टी वाकून तशीच राहील आणि पाणी दिलेली परत सरळ होईल, नाहीतर मोडेल. पण तोपर्यंत दोघी जुळ्या बहिणी.

सरांच्या डोळ्यांसमोर एकदम लख्ख उजेड पडला. पोरगा चुकला. नुसता चुकला नाही, काहीतरी हातचलाखी करून साठ पोरांच्या डोळ्यांत धूळ फेकली. इतके दिवस त्याच्यात खोट सापडत नव्हती, ती आता आयती हातात आली. वर्ग सुटताच सर कोट सावरत तडक दादरला शशिकांतरावांकडे गेले.

“तुमचा लाडका जयवंत पोरांना खोटं शिकवतोय. जादूचे प्रयोग करतोय. मी सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवतो. ट्रस्टींनाही बोलवा.”

शशिकांतराव जरा चपापले, पण वकील माणूस, समोरासमोर साक्ष झालेली त्यांना बरी. “ठीक आहे. सोमवारी संध्याकाळी, वर्कशॉपात. पट्ट्या मात्र त्याच्या नकोत. तुम्ही ज्येष्ठ, तुम्ही तयार करून आणा. आणि मनमोहनराव, ज्याचं बरोबर निघेल त्याला पहिलं वर्ष. आम्हालाही निर्णय सोपा.”

सर त्या रात्री शांत झोपले. फार दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचा ठरलेला पाठ होता, एका टोकाला धरलेली तुळई. वर्षानुवर्षं शिकवलेला. त्यांनी आकृती काढली, सूत्र लिहिलं. किती वाकेल? वजन घ्या, लांबी घ्या, रुंदी घ्या, जाडी घ्या, आणि धातूच्या ताठपणाचा आकडा घ्या. पोलादाचा आकडा तीन कोटी. पोरं उतरवून घेत होती. सर सवयीनं म्हणाले, “पोलाद, तीन कोटी,” आणि खडू हातातच राहिला.

कुठल्या पोलादाचा तीन कोटी? मऊ की पाणी दिलेल्या?

पुस्तकातल्या तक्त्यात तर एकच आकडा होता. पोलाद. बस्स. सूत्रात लांबीला जागा होती, जाडीला जागा होती, पण पाणी दिलंय की नाही याला जागाच नव्हती. आजवर त्यांनी हे सूत्र किती पोरांना घोकवलं, आणि ते काय म्हणतंय हे स्वतः कधी ऐकलंच नव्हतं. फळ्यावर त्यांच्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं की जयवंत बरोबर आहे आणि तुम्ही, त्रिलोकेकर, लवू गावडेच्या पंगतीला बसून “मऊ” म्हणून ओरडणारे.

“सर, पुढं?” एका पोरानं विचारलं.

“पुढं काही नाही. उतरवून घ्या.”

आता माणसानं काय करावं? सरळ मार्ग होता. शशिकांतरावांकडे जायचं, म्हणायचं, माझी समजूत चुकली. दोन वाक्यांचं काम. सर ट्रामनं दादरपर्यंत गेलेही. शशिकांतरावांच्या बिल्डिंगखाली उभे राहिले. आणि तिथं त्यांच्या मनात चित्र उभं राहिलं: तुकड्या एक झाल्यात, खच्चून भरलेला वर्ग, समोर जयवंत, आणि आपण वर्कशॉपात टी-स्क्वेअर पुसतोय. पार्टिशनपलीकडून हशा ऐकतोय. रोज. रिटायर होईपर्यंत. ते जिना न चढताच परत फिरले.

रविवारी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद, रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या. सर गिरगावातून परळपर्यंत चालत गेले. राजलक्ष्मीबाईंना सांगितलं, प्रयोगाची तयारी आहे, आणि ते खरंच होतं. क्लासात चिटपाखरू नव्हतं. पट्ट्या शनिवारीच कापून झाल्या होत्या. एकीला पाणीही दिलं होतं. दोन्ही सारख्या. अगदी प्रामाणिक.

सरांनी मऊ पट्टी व्हाइसमध्ये आडवी बसवली आणि कानस उचलली.

आता त्यांना सूत्र कळलं होतं ना, चांगलंच कळलं होतं. सूत्रात जाडी तीनदा गुणली जाते, जाडीचा घन. दोन कागद होतील एवढी जाडी खालच्या अंगानं उतरवली तरी पट्टी नजरेत भरेल इतकी जास्त वाकणार, आणि नुसत्या डोळ्याला ती जाडी काही दिसायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादं सूत्र असं हातात धरल्यासारखं समजलं होतं, आणि ते वापरायला काढलं ते या कामाला. मऊ पोलाद कानशीला मुकाट चावू देतं. सर घासत राहिले. खडूचा हात, कामाची सवय नाही. तळव्याला फोड आले. मग पॉलिशपेपरनं ओरखडे पुसले, मायक्रोमीटर लावून जाडी बघितली, पट्ट्या कापडात गुंडाळून ठेवल्या आणि घरी गेले. लालबागच्या नाक्यावर पोरं “मुंबई आमची” म्हणून घोषणा देत होती. त्यातल्या दोघांनी त्यांना ओळखून “नमस्ते सर” म्हटलं. सरांनी मान हलवली.

“हाताला काय झालं?” राजलक्ष्मीबाईंनी वाढताना विचारलं.

“काम केलं.”

“तुम्ही?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी तेल आणून ठेवलं.

सोमवारी वर्कशॉप गच्च भरलं. दोन्ही तुकड्या, शशिकांतराव, तीन ट्रस्टी खुर्च्यांवर. “आम्हाला यातलं काही कळत नाही,” शशिकांतराव म्हणाले, “पण डोळ्यांना दिसेल ते आम्ही मानू.” जयवंत निवांत होता. त्यानं पोरांना हात वर करायला सांगितले. सरांच्या तुकडीनं मऊ म्हणून हात वर केले. जयवंतच्या तुकडीनं सारख्याच म्हणून. लवू सगळ्यात पुढं, हात ताठ.

सरांनी कानस लावून कुठली कडक आणि कुठली मऊ ते दाखवलं. पट्ट्या व्हाइसमध्ये धरल्या. टोकांना वजनं लावली.

मऊ पट्टी खाली गेली. स्पष्ट दिसत होतं, मागच्या पोरालाही दिसलं. सरांच्या तुकडीनं एकच कल्ला केला. शशिकांतरावांनी स्वतः वाकून फूटपट्टीनं मापलं आणि मान डोलावली.

जयवंतचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि सरांनी तो पाहिला. महिनोन् महिने ज्याची वाट बघितली तो हाच क्षण. जयवंतनं पट्ट्यांची अदलाबदल केली, इकडची तिकडे. पुन्हा तेच. लवूचा हात कधीच खाली आला होता. मग जयवंतनं मऊ पट्टी सोडवली, हातात घेतली आणि सहज खालच्या अंगावरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला. पॉलिशपेपरनं कानशीचे ओरखडे दिसेनासे होतात, पण ज्याचा जन्म लोखंडात गेलाय त्याच्या अंगठ्याला ते लागतात. जयवंतनं पट्टी उजेडाकडे तिरपी धरली. मग टेबलावरच्या मायक्रोमीटरकडे पाहिलं. हातभर अंतरावर होता तो. मग सरांकडे पाहिलं. सरांच्या हाताकडे, तळव्यावरच्या फोडांकडे. सरांनी मूठ मिटली. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे सरांनाही कळलं. आता तो मायक्रोमीटर उचलणार, असं सरांना वाटलं.

“काय जयवंत?” शशिकांतराव म्हणाले. “काही म्हणायचंय?”

जयवंतनं पट्टी खाली ठेवली. “नाही. या पट्ट्यांपुरतं सरांचं बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या खोलीत आला. राजीनामा त्यानं आधीच देऊन टाकला होता. बिहारमध्ये एका पोलादाच्या कारखान्यात ओळखीनं जागा मिळत होती. दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच बोलला.

“सर, मला इथं तुम्ही आणलंत. तुम्हाला सगळ्यांसमोर उघडं पाडायला माझा हात उचलेना. त्याचं मी बघून घेईन. पण पोरं आता ते खोटं डोक्यात घेऊन बसलीत. आधी नुसती समजूत होती, आता डोळ्यांनी बघितलंय. उद्या कुणी स्प्रिंग बनवील, कुणी शाफ्ट बसवील. वाकणं कमी करायला जाडी वाढवायची सोडून नुसतं पाणी देत बसतील. तुम्ही एकदा खऱ्या पट्ट्या लावून दाखवा. पट्टीत दोष होता म्हणा, धुरी गधडा होता म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण दाखवा.”

तुम्हाला वाटेल, आता तरी सरांना पाझर फुटला असेल. फुटला, थोडा. पण त्याहून आधी आणि त्याहून जोरात काय वाटलं ते ऐका: हा जातानाही माझ्यापेक्षा मोठा होऊन चाललाय. सगळं हरून बसलाय आणि तरी देणारा तोच, घेणारा मी. इतका हेवा तर सरांना त्या हशाचाही वाटला नव्हता.

“बरं,” सर म्हणाले. “दाखवीन.”

जयवंत वाकून पाया पडला आणि गेला.

नवी टर्म सुरू झाली. दोन्ही तुकड्या एक झाल्या, पार्टिशन काढून टाकलं. सर वर्गात आले तेव्हा पोरं मागच्या भिंतीपर्यंत बसली होती, दोघांच्या बाकावर तिघे. सगळी त्यांची. सरांनी खिशात दोन नव्या पट्ट्या आणल्या होत्या, एक मऊ, एक पाणी दिलेली. दाखवायचं त्यांनी खरोखरच ठरवलं होतं.

“एक प्रश्न विचारतो,” ते म्हणाले. त्यांचाच आवाज त्यांना ओळखीचा वाटेना, कारण वर्गाला प्रश्न त्यांनी कधी विचारलेलाच नव्हता. “सारख्या मापाच्या दोन पट्ट्या. एक मऊ, एक पाणी दिलेली. वजन सारखं. जास्त कोण वाकेल? मऊ म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

सगळे हात वर गेले. एकही खाली नाही. जयवंतच्या जुन्या पोरांचेही वर. पुढच्या बाकावरून एक जण म्हणाला, “तुम्हीच दाखवलंत ना, सर,” आणि सगळे हसले. मोकळं, आपुलकीचं हसणं. आजवर पार्टिशनच्या पलीकडेच ऐकलेलं.

सरांचा हात खिशात पट्ट्यांवर होता. आता सांगायचं तर त्या दिवशी असं का झालं तेही सांगायला लागणार. पोरं विचारतील. जयवंतनं विचारायला शिकवलंय ना.

सरांनी हात रिकामा बाहेर काढला, खडू घेतला आणि फळ्याकडे वळले. तुळई काढली, सूत्र लिहिलं. वजन, लांबी, रुंदी, जाडी, पोलादाचे तीन कोटी. वर्ग शांत झाला, पेनं चालायला लागली.

“सर.”

लवू उभा होता. कपाळाला आठी घालून फळ्याकडे बघत होता, बुजरेपणा कुठं विसरून आला होता कोण जाणे.

“सर, मऊ-कडक ह्यात खंय इला? सूत्रात तेका जागाच नाय.”

एका वाक्यात त्यानं गाठ सोडली होती. सगळी पोरं फळ्याकडे बघायला लागली. त्रिलोकेकर सरांनी त्याच्याकडे पाठ ठेवूनच, फळ्यावरचा एक आकडा उगाच पुसून पुन्हा लिहिला.

“ते परीक्षेला विचारत नाहीत,” ते म्हणाले. “खाली बस.”

लवू खाली बसला. त्यानंतर त्या वर्गात त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.